‘सगळीकडे परकेच’ : स्थलांतरावरचं व्हेनिसचं ते प्रदर्शन, ज्यात नागपूर आणि गोव्याची माणसंही होती

इटलीतलं व्हेनिस. पाण्यावर वसलेलं शहर. तिथल्या जुन्या जहाजबांधणी गोदीत 2024 साली पाण्यावर रंगीबेरंगी निऑनची अक्षरं लटकत होती. भाषा वेगवेगळ्या, त्यातल्या काही तर आज कुणीच बोलत नाही अशा. पण सगळीकडे शब्द तेच होते : ‘सगळीकडे परकेच’.

हेच नाव होतं 60 व्या व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनाचं. इटालियनमध्ये ‘स्त्रानिएरी ओवुंक्वे’, इंग्रजीत ‘फॉरेनर्स एव्हरीव्हेअर’. 20 एप्रिल ते 24 नोव्हेंबर 2024 असं ते चाललं. 331 कलाकार आणि कलासमूह त्यात होते आणि सुमारे 7 लाख लोकांनी तिकीट काढून ते पाहिलं.

बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलेचं भलंमोठं संमेलन. 1895 पासून चालू आहे. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक क्युरेटर मिळून-मिसळून मोठं प्रदर्शन मांडतो आणि शिवाय प्रत्येक देश आपापलं वेगळं दालन लावतो.

नाव आलं कुठून?

2000 च्या सुरुवातीला इटलीतल्या तुरिन शहरात वंशद्वेषाविरुद्ध काम करणारा एक गट होता. ‘स्त्रानिएरी ओवुंक्वे’ हे त्याचं नाव. ‘क्लेअर फोंतेन’ या कलासमूहाने ते उचललं आणि 2004 पासून निऑनमध्ये वेगवेगळ्या भाषांत लिहायला सुरुवात केली. पुढे क्युरेटर आद्रियानो पेड्रोसा यांनी तेच अख्ख्या प्रदर्शनाला दिलं. पेड्रोसा ब्राझीलचे. बिएनालेचं मुख्य प्रदर्शन लॅटिन अमेरिकेतल्या क्युरेटरकडे जाण्याची ही पहिलीच वेळ.

या नावाचे त्यांनी दोन अर्थ सांगितले. कुठेही जा, परके भेटणारच. आणि कुठेही जा, आत कुठेतरी आपणही परकेच असतो. मराठीत यासाठी ‘उपरा’ हा शब्द जास्त नेमका बसतो. लक्ष्मण माने यांच्या 1980 सालच्या आत्मकथनाचं नावच ते आहे, आणि त्यातली माणसं तर देशाबाहेरही गेलेली नव्हती.

मुळात परके कोण?

पेड्रोसा यांनी सगळ्यात हुशारीची चाल इथे खेळली. स्थलांतरितांवरून इटलीचं राजकारण तापलेलं असताना त्यांनी एक दालन केलं, ‘सगळीकडे इटालियन’. त्यात इटली सोडून जगभर स्थायिक झालेल्या 40 इटालियन कलाकारांची कामं होती. 1880 ते 1920 या काळात 40 लाखांहून जास्त इटालियन एकट्या अमेरिकेत गेले होते. म्हणजे बोटीत बसून पोटासाठी परमुलखात जाणारे कधीकाळी हेच लोक होते. ही चित्रं भिंतीवर नव्हती. काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेल्या काचांवर ती लावलेली होती. ही पद्धत लीना बो बार्दी या वास्तुविशारद बाईंची. त्या 1946 साली इटलीतून ब्राझीलला गेल्या आणि तिथल्याच झाल्या.

बुश्रा खलीली यांचं कामही इथे होतं. 2008 ते 2011 मध्ये केलेले आठ व्हिडिओ. पडद्यावर फक्त एक नकाशा, एक हात आणि मार्कर. चेहरा दिसत नाही. आवाज सांगत जातो, मी इथून निघालो, इथे पकडलो गेलो, परत पाठवलं, पुन्हा निघालो. मार्करची रेघ नकाशावरच्या सीमा खोडत पुढे जाते. एक तरुण रामल्लाहून जेरुसलेमला होणाऱ्या बायकोला भेटायला कसं जावं लागतं ते सांगतो. अंतर जेमतेम 15 किलोमीटरच्या आसपास, पण सरळ रस्ता त्याच्यासाठी नाहीच. बातम्यांत स्थलांतर म्हटलं की गर्दीचा फोटो येतो. इथे एकेक माणूस आपला रस्ता स्वतः काढून दाखवतो.

आता आपली माणसं

या प्रदर्शनात दिवंगत कलाकार बरेच होते आणि त्यात भारतातली ओळखीची नावं निघतात. गोव्यातल्या साळगावात 1924 साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा. चले जाव आंदोलनामुळे मुंबईच्या जे. जे. तून काढून टाकलेले. 1949 मध्ये ते लंडनला गेले, पुढे न्यूयॉर्कला. त्यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये असलेले सय्यद हैदर रझा नागपुरात आणि मग जे. जे. मध्ये शिकले, 1950 साली पॅरिसला गेले आणि तब्बल 60 वर्षांनी कायमचे भारतात परतले.

बी. प्रभा यांचा प्रवास लहान वाटेल, पण तो कमी नाही. नागपूरजवळच्या बेला गावातून त्या आधी नागपुरात आणि मग मुंबईला जे. जे. मध्ये शिकायला आल्या. पुढे मुंबईच्या कोळिणी त्यांच्या चित्रांत कायमच्या आल्या. गावाहून शहरात येणं हेही स्थलांतरच, फक्त त्याला पासपोर्ट लागत नाही.

सगळ्यांना आवडलं का?

नाही. शेकडो दिवंगत कलाकारांचं प्रत्येकी एकच काम एकमेकांना खेटून लावलं, तर माणूस कळणार कसा, ही टीका झाली आणि ती रास्त आहे. सूझांचं एकच चित्र बघून सूझा कळत नाहीत.

दुसरा प्रश्न जुना आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये भूमध्य समुद्रात एक मासेमारी बोट बुडाली. शेकडो स्थलांतरित मेले, वाचले फक्त 28. 2019 च्या बिएनालेत ख्रिस्टोफ ब्यूशेल यांनी तीच बोट आणून गोदीत उभी केली, शेजारी माहितीचा फलकही न लावता. लोक तिच्यासमोर फोटो काढत होते. हे स्मारक की तमाशा, यावर वाद पेटला. 2024 मध्ये असं काही नव्हतं, पण दुसऱ्याचं दुःख तिकीट काढून बघायचं का, हा प्रश्न काही व्हेनिसमधून गेला नाही.

त्यात एक योगायोग. प्रदर्शन उघडल्यावर पाचच दिवसांनी, 25 एप्रिलला, व्हेनिसने एका दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकांना ठरावीक दिवशी 5 युरो प्रवेशशुल्क सुरू केलं. 1950 च्या आसपास या जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहायचे, आता 50 हजारही नाहीत. घरभाडं परवडेना म्हणून तेही निघून गेले.

आणि भारताचं दालन? 2024 मध्ये ते नव्हतंच. त्याआधी ते 2011 आणि 2019 मध्ये लागलं होतं. 2011 चं मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी मांडलं होतं. त्यामुळे सूझा, रझा आणि प्रभा 2024 ला व्हेनिसला पोचले ते एका ब्राझिलियन क्युरेटरच्या निवडीतून.