अ. पा. क. आई

घराण्याचा इतिहास म्हटले की मराठी वाचकापुढे उभी राहतात ती वतनदारांची घराणी. हे अकारण नाही. वतन होते तेथे तंटा होता आणि तंटा होता तेथे कागद होता. पाटीलकीच्या, देशमुखीच्या वाटण्यांसाठी महजर झाले, निवाडे झाले. पुढे १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करताना वंशावळी मांडाव्या लागल्या. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जी दफ्तरे मिळवली (‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा) त्यांतली बरीचशी अशाच घरांच्या माळ्यांवरची. हक्कासाठी सादर केलेली वंशावळ मात्र जपूनच वाचावी. नको असलेली शाखा कागदावर निपुत्रिक ठरवणे फारसे अवघड नव्हते.

साध्या शेतकरी घराला असे दफ्तर नसते. त्याचा इतिहास तलाठ्याकडे असतो. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीच्या हक्कनोंदी सुरू झाल्या. तेव्हापासूनचे फेरफार क्रमाने वाचत गेले तर मृत्यू, वाटण्या, गहाणखते, भावकीतली भांडणे अशी तीन-चार पिढ्यांची कहाणी हाती लागते. त्याच्या जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या जीर्ण वह्यांना आणि मोडी वाचकांना एकाएकी महत्त्व आले. पण तो शोध एका शब्दाचा, जातीच्या रकान्यापुरता. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत एकाच घरातली किती माणसे गेली, हे त्याच वहीत शेजारच्या रकान्यांतून वाचता येते, आणि ते वाचायला सहसा कोणी थांबत नाही.

या साऱ्या कागदांत बायका कोठे आहेत? वर्गात विद्यार्थ्यांना पणजोबांचे नाव विचारावे, निम्मे हात वर होतात. पणजीचे माहेर विचारले की शांतता पसरते. जुन्या सात-बाऱ्यावर बाई येते ती बहुधा तीन अक्षरांच्या आडोशाने: अ. पा. क., अज्ञान पालनकर्ता. नवरा गेला, मुलगे लहान आहेत, म्हणून खातेदार म्हणून मुलांची नावे आणि खाली ‘अ. पा. क. आई’. मुलगा सज्ञान झाला की शेरा कमी करण्याचा फेरफार होतो आणि बाई कागदावरून उतरते. मधल्या दहा-पंधरा वर्षांत नांगर कोणी धरला, सावकाराला कोणी थोपवले, याबद्दल कागद बोलत नाही. पण शेरा लागल्याची आणि निघाल्याची तारीख देतो. संशोधकाला तेवढे पुष्कळ आहे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर चित्र बदलले, तेही विचित्र रीतीने. बापाच्या मागे मुलींची नावे वारस म्हणून लागू लागली आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रे होऊ लागली. लेकी कोणत्या गावी दिल्या, सासरचे आडनाव काय, हे घराच्या कागदांत एरवी कोठेच नसलेले तपशील नेमके त्या हक्कसोडीत मिळतात. ज्या कागदाने त्यांना बाहेर काढले, त्याच कागदाने त्यांचा ठावठिकाणा राखला!

कागदाबाहेरही साधने आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैल घेऊन दारी येतो, धान्य घेतो आणि पिढ्यांची नावे वाचून दाखवतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्यांची नावे गावासह असतात. मात्र हेळव्याची परंपराही मुख्यतः पुरुषांच्या नावांची. ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्यासाठी तर फेरफारही मुका. महार वतनाच्या नोंदी, १९५८ च्या कायद्याने ती वतने खालसा होतानाचे कागद, हे काही ठिकाणी उपयोगी पडतात. पण बहुसंख्य भूमिहीन घरांना स्मरणावाचून दुसरे दफ्तर नाही.

म्हणून जात्यावरच्या ओव्या ही माझ्या मते केवळ लोकसाहित्याच्या पेपरातली सामग्री नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ओवी गाणारी बाई आईबापांची, भावांची, माहेरच्या वाटेवरल्या गावांची नावे घेते. वंशावळीने गाळलेली नाती तिथे असतात. काळाचा पुरावा म्हणून ओवी दुबळी, नात्याचा म्हणून भक्कम.

घरातल्या म्हातारीला ‘आपली वंशावळ सांग’ म्हटले तर ती ‘तुझ्या आज्याला विचार’ म्हणेल, आणि आजोबा नसले तर गप्प बसेल. तिला माहेर विचारावे, बाळंतपणाला कोठे गेली होती ते विचारावे, मूळ न्यायला कोण आले होते ते विचारावे. आणि वही जवळ असू द्यावी.