लूप ते तांबी

विषय जरा संकोचाचा आहे. परंतु ज्या गोष्टीविषयी बायका आपसांत कुजबुजतात, ती एकदा मोकळेपणी लिहावी, असे मला वाटले. म्हणून हा अल्पसा इतिहास.

अमेरिकेतील बफेलोचे डॉ. जॅक लिप्स यांचा प्लास्टिकचा लूप आपल्या सरकारने १९६५ साली कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात घेतला. रोजची आठवण नको, शस्त्रक्रिया नको, म्हणून त्यावर मोठी भिस्त होती. १९६६-६७ मध्ये देशात सुमारे ९ लाख लूप बसवले गेले. दुसऱ्याच वर्षी तो आकडा ७ लाखांच्या खाली आला. असे का व्हावे? कित्येकींच्या अंगावरून जास्त जाई, कंबर दुखे. शिबिरांतून घाई होई, नंतरची विचारपूस अपुरी पडे आणि पुढे काय होईल, हे बाईला धड कोणी सांगत नसे. मग लूप अंगात वर चढतो, अशा अफवा उठल्या. त्या बायकांना अडाणी म्हणणे मला पटत नाही. जिथे माहिती पोचत नाही, तिथे भीती घर करते.

पुढे तांब्याची तार गुंडाळलेली ‘टी’ आली. तीच आपली तांबी. २००२ पासून सरकारी कार्यक्रमात आलेली ‘३८० ए’ तांबी १० वर्षे चालते.

ती बसवण्यापूर्वी दिवस गेलेले नाहीत ना, जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहतात. मग आतून तपासून, गर्भाशयाची खोली मोजून, बारीक नळीतून तांबी आत सोडतात व दोरा कापतात. बहुधा ५-१० मिनिटांचे काम. पाळीसारखी कळ येते, एखादीला चक्कर येते. थोडा वेळ पडून राहावे. पहिले ३ ते ६ महिने पाळीत जास्त जाते, दुखते. मग बहुतेकींचे कमी होते. पहिल्या पाळीनंतर तपासून घ्यावे. ताप, ओटीपोटात सतत दुखणे, दुर्गंधीयुक्त स्राव, पाळी चुकणे किंवा दोरा हाताला न लागणे, यांपैकी काही झाल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. नको झाली तर तांबी केव्हाही काढून घेता येते.

१९६५ साली घरोघरी पोचायला हवे होते, ते एवढेच. लेकी-सुना दवाखान्यात जाण्याआधी त्यांना हे सांगावे आणि निर्णय मात्र त्यांचा त्यांना घेऊ द्यावा, ही माझी नम्र विनंती.