असोदा, पाच घरांत

आमच्या असोद्याचं नाव ब्रेलमध्ये लिहायला बरोब्बर पाच घरं लागतात: अ, स, ओ, द, आ. मात्रेची भानगडच नाही, उच्चाराच्या क्रमानं सरळ स्वर लिहायचा. छापील 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी क, मग इ.

पूर्वी भारतात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. १९५१ साली युनेस्कोच्या बैरुतच्या बैठकीत 'भारती ब्रेल' ठरली आणि मराठी 'क' नि तमिळ 'क' यांचे ठिपके एकच झाले.

१९९१ साली युनिकोडनंही हाच क्रम घेतला. मधल्या काळात घोळ घातला तो आमच्याच धंद्यानं! डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलीत असतात इंग्रजी चिन्हं. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ साली एनव्हीडीए हा फुकट स्क्रीनरीडर सुरू केला. अशा फाइलीत तोही बडबडतो निव्वळ कचरा, म्हणजे अंध वाचकाला ती फाइल कुलूपबंदच. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. कन्व्हर्टरला वेलांटी अक्षराच्या मागे न्यावी लागते आणि रफार पुढे आणावा लागतो. 'आर्थिक' या एकाच शब्दात दोन्ही येतात. करून बघा!