परसातील किडीची कैफियत

गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन प्रकारची मानण्याची जी जुनी वहिवाट आपल्याकडे आहे, तिच्यात काळी पिकांची आणि पांढरी घरादारांची. आणि जमाबंदी, आकार, सूट, तहकुबी यांचे सारे दप्तर काळीभोवतीच फिरत राहिल्यामुळे पांढरीत, घराच्या पाठभिंतीला लागून, मोरीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या वांगी, भेंडी, गवार, दोडक्याची नोंद ठेवण्याचे कुणा कुळकर्ण्याला कधी कारण पडले नाही. शेतावर टोळ उतरले तर मामलेदाराकडे अर्ज जाई, पाहणी होई, पीक किती आणे आले याचा अंदाज बांधला जाई. वांग्याचा शेंडा माना टाकू लागला तर ती बातमी शेजारणीच्या पलीकडे जात नसे. त्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील परसबागेचा आणि तिच्यावरील किडीचा इतिहास शोधू जाणाऱ्यास सरकारी कागदाचा आधार तुटपुंजा मिळतो, आणि बायकांच्या हाती टिकून राहिलेल्या रीती व कापसादी नगदी पिकांसाठी झालेल्या संशोधनाचे इकडे ओघळलेले चार थेंब, एवढ्यावरच त्याला आपली मांडणी करावी लागते.

मुलूख मात्र दप्तराला अपरिचित नव्हता. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा निघाला, आणि १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा हा प्रदेश पश्चिम खानदेशात पडला, हे अलीकडचे. त्याच्या कितीतरी आधी आइन-ए-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नमूद आहे. सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापाराचा राजमार्ग येथूनच जाई. १६१० साली विल्यम फिंच हा इंग्रज त्या वाटेने गेला, आणि पुढे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने नवापूरच्या बारीक, कस्तुरीच्या वासाच्या तांदळाची मनसोक्त स्तुती लिहून ठेवली. या प्रवाशांना तांदूळ दिसला, कापड दिसले, मुक्कामाचे पाणी दिसले. घरामागे डोकावण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते.

तापी-गोमाईच्या सपाटीवरील शहादे, तळोदे, नंदुरबारकडची गावे दाट वस्तीची, तेथे परस म्हणजे चार भिंतींमधला तुकडा. सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात, भिल्ल व पावरा कुटुंबांची घरे एकेकटी, आपापल्या शेतात दूरदूर उभी. तेथे काळी कुठे संपते आणि पांढरी कुठे सुरू होते हे सांगणे अवघड, आणि कुडाच्या भिंतीवरून छपरावर चढलेला दुधी किंवा वाल हीच तेथील बाग. डोंगरातल्या बागेचा शत्रूही अंगापिंडाने मोठा. माकड, साळिंदर आणि रानडुक्कर यांच्याशी गोफण, माळा, बाभळीच्या फांद्यांचे कुंपण आणि रात्रीचे जागरण या साधनांनी जो सामना होतो, त्यापुढे मावा-तुडतुड्याची कथा क्षुल्लक वाटावी.

सपाटीवर मात्र उन्हाळ्यातील खरा प्रश्न सूक्ष्म जीवांचा. चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या वर जाणे हे खानदेशाला नवे नाही. विहिरी खोल जातात, मोरीचे पाणी हीच बागेची पाटस्थळ ठरते, आणि पाण्याच्या ताणाने दमलेल्या झाडावर कीडही नेमकी त्याच सुमारास चढते. लाल कोळ्याला तर कोरडी हवा आणि धूळ यांच्याइतके दुसरे काही मानवत नाही. गाडीवाटेकडेच्या वांग्याचे पान उलटून पाहिले असता त्यावर बारीक जाळे आणि त्यात हलणारे तांबूस ठिपके दिसतात, आणि वरून ते पान विटक्या कापडासारखे फिकट पडलेले असते. त्यावर जुना उपाय एकच: सायंकाळी पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा हबका मारणे. हा उपाय शास्त्रालाही मान्य आहे. अडचण एवढीच की, ज्या महिन्यात त्याची गरज त्याच महिन्यात हंडाभर पाणी वाया घालवणे घरातील कुणाला परवडत नाही.

उन्हाळी भाजीचे दुसरे ठिकाण होते तापीचे पात्र. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून टरबूज, खरबूज, काकडी, डांगर लावण्याची चाल होती. प्रकाशे आणि सारंगखेडे येथे बंधारे होऊन पात्रात पाणी तुंबल्यावर त्या भागातील वाळूचे मळे मागे हटले. या वेलांच्या आणि परसातील वेलांच्या शत्रूंमध्ये पहिला मान तांबड्या भुंगेऱ्याचा. वेल दोन पानांवर असतानाच तो त्यांची चाळण करतो. पुढे वेल मोठा झाला की त्याचा उपद्रव तितकासा बाधत नाही, म्हणजे सारा झगडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा. त्यासाठी चुलीतली गोवरीची राख चाळून जुन्या लुगड्याच्या विरविरीत तुकड्यात तिची पुरचुंडी बांधायची, सूर्योदयापूर्वी पानांवर पाण्याचे शिंतोडे मारायचे, आणि पुरचुंडी वेलावर धरून काठीने हलके ठोकायचे, म्हणजे राखेचा पातळ थर पानाला धरतो. पहाटेचीच वेळ का, तर गारव्यात भुंगेरा सुस्त असतो, हाताने वेचता येतो, आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या भांड्यात टाकला की संपतो. ऊन चढल्यावर तोच हात लावण्यापूर्वी उडून जातो. रोजच्या झाडलोटीत बसणारी ही युक्ती कुणी कुणाला शिकवली म्हणून शिकली जात नसे. सासूच्या पाठोपाठ सून पुरचुंडी हाती घेई, इतकेच.

सर्वच रीती अशा सयुक्तिक होत्या असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. परंतु ज्यांना आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो त्यांच्याही पोटी कधी निरीक्षण दडलेले असते. दुधीच्या किंवा दोडक्याच्या कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नये, दाखवल्यास ते सडते, हा समज महाराष्ट्रभर आहे. वस्तुस्थिती अशी की, फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीत आपली नळी खुपसून आत अंडी घालते, त्या जागी डिंकासारखा थेंब येतो, फळ वाकडे होते, पिवळे पडते आणि आतून अळ्यांनी सडून गळते. भोक इतके बारीक की नजरेस पडत नाही. मग दोष बोटाकडे जातो. या समजुतीमुळे फळ पानाआड ठेवण्याची किंवा फडक्यात गुंडाळण्याची जी सवय लागली, ती दृष्टीपासून राखते की नाही हे सांगता येणार नाही, माशीपासून मात्र निश्चित राखते. मांडवाला चुन्याचे ठिपके दिलेले काळे मडके टांगणाऱ्यांना हसण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की, फ्रान्समधील बोर्दो प्रांतात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत, आणि त्याच वेली रोगापासून वाचल्याचे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिले, तेव्हा १८८५ साली जगप्रसिद्ध बोर्दो मिश्रण उदयास आले.

सरकारी कीटकशास्त्र या मुलखात आले ते कापसाचे आणि टोळांचे बोट धरून. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यावर टोळांचे संकट ओढवले, त्याचा अभ्यास हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाने केला. त्याचा हिंदुस्थानातील उपद्रवी किडींवरील ग्रंथ १९०६ साली निघाला, आणि त्याच सुमारास पुण्याचे कृषी महाविद्यालय स्वतंत्रपणे उभे राहिले. १९१४ मध्ये परदेशी किडींना बंदरावर अडवण्याचा कायदा झाला. या साऱ्या खटाटोपात परसबागेच्या वाट्यास काय आले म्हणाल, तर मुख्यतः रॉकेल. तापी खोऱ्यातील लोहमार्गाने ते डब्यांतून गावोगाव पोहोचले. साबणाच्या पाण्यात घुसळलेले रॉकेल माव्यावर, तंबाखूचा काढा तुडतुड्यांवर, आणि रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली की झारी तयार. विलायती शास्त्राने पाठवलेल्या औषधापेक्षा त्याचा डबाच अधिक दिवस उपयोगी पडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

भेंडीच्या केवड्याचा शोध हा त्यातला सुखद अपवाद. पानाच्या शिरा पिवळ्या पडून सगळे झाड केतकीच्या रंगाचे होणारा हा रोग मुंबई इलाख्यातूनच प्रथम नोंदला गेला. कुलकर्णी यांनी १९२४ साली त्याविषयी लिहिले, १९४० मध्ये उप्पल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे विषाणुजन्य स्वरूप अधिक स्पष्ट केले, आणि पांढरी माशी तो झाडोझाड पोहोचवते हेही पुढे सिद्ध झाले. पिवळे पडलेले झाड मुळासकट उपटून टाकणे, एवढेच बाईमाणसांना ठाऊक होते, आणि शास्त्राजवळही रोगट झाडासाठी याहून वेगळे औषध नव्हते व आजही नाही. खरा दिलासा मिळाला तो परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ च्या सुमारास दिलेल्या परभणी क्रांती या वाणामुळे, जो रानभेंडीच्या संकरातून आलेली प्रतिकारशक्ती घेऊन आला.

मधल्या काळात पांढऱ्या भुकटीचे राज्य झाले. स्वातंत्र्यानंतर डीडीटी आणि बीएचसी देशातच तयार होऊ लागली, मलेरियासाठी घराच्या भिंतींवर फवारली जाणारी पावडर आणि परसातल्या वांग्यावर भुरभुरली जाणारी पावडर यांत फरक करण्याचे कुणास सुचले नाही, आणि कापसासाठी आणलेल्या बाटलीतले उरलेसुरले संध्याकाळी मिरचीच्या चार रोपांवर मारण्याचा प्रघात पडला. शेतातल्या मात्रेचा हिशेब एकराचा. चार रोपांचा हिशेब बाटलीच्या बुचाचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच मिरची पाट्यावर. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा सरकार हलले. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झाले. कायद्याची नजर दुकानावर आणि कारखान्यावर. परस त्याच्याही कक्षेबाहेरच राहिले.

शेत आणि परस यांमधली भिंत किडीने मात्र कधीच मानली नाही. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, ती मिरची ज्या शेतांतून येते तेथील चुरडा-मुरडा घरच्या कुंडीतही येतो: पान वरच्या बाजूस वळून होडीसारखे झाले तर फुलकिडे, खाली मुडपले तर कोळी, ही ओळख जाणत्या बाईला भिंगाविना असते. शहादे-नंदुरबारकडे पपईच्या बागा वाढल्या आणि २०१० च्या सुमारास पपईवरील पिठ्या ढेकूण महाराष्ट्रात आला, तेव्हा परसातले जास्वंद आणि वांगेही कापूस पिंजून टाकल्यासारखे पांढरे दिसू लागले. त्यावर फवारण्या थकल्या; पोर्तो रिकोहून आणून सोडलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी माशीने तो प्रकोप आटोक्यात आणला.

सध्या कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रापासून बचत गटांपर्यंत सर्वत्र परसबागेचा पुरस्कार चालतो, आणि औषध म्हणून निंबोळी अर्क सांगितला जातो. १९६२ साली दिल्लीस टोळ उतरले असता प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचे पाणी फवारलेली पिके टोळांनी सोडून दिल्याचे दाखवले, तेव्हापासून या उपायाला प्रतिष्ठा आली. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवावी, गाळावी, चिमूटभर साबणचुरा घालावा आणि ऊन उतरल्यावर फवारावे. राखेचे मात्र कठीण झाले आहे. शहाद्यातल्या नव्या वसाहतींत गॅस आल्यापासून चूल गेली आणि पुरचुंडी बांधावी तर भरायला काही नाही. डोंगरात, धडगावच्या पाड्यांवर राख मुबलक, तर वैशाखात शिंतोड्यापुरतेही पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणावे लागते. आणि निंबोळीचेही एक त्रांगडे आहेच: आपल्याकडे ती पिकून पडते ज्येष्ठ-आषाढात, उन्हाळी भेंडी संपल्यावर, म्हणून तिचा गर धुऊन, बी सावलीत वाळवून, कोंदट होणार नाही अशा जागी पुढच्या चैत्रापर्यंत राखून ठेवावी लागते, आणि फार जुनी झाली तर तिचा कडूपणाच कमी होतो.