रक्तपिशवीवरच्या पाच ओळी

रक्तपेढीतून आलेल्या पिशवीवर रक्तगट ठळक अक्षरांत असतो आणि बारीक टाइपात पाच चाचण्यांचे निकाल असतात: उपदंश, हिवताप, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. नातेवाईक रक्तगट तेवढा ताडून पाहतात. या पाच ओळी एका दमात ठरलेल्या नाहीत. रक्त घेणाऱ्या कुणाला तरी आधी आजार झाला, मग ओळ वाढली.

पहिल्या दोन ओळी सर्वांत जुन्या. उपदंश ओळखणारी वासरमान चाचणी १९०६ची. रक्तपेढ्या निघाल्या त्याच्या कितीतरी नंतर. हिवताप रक्तातून जातो, हे तर डॉक्टरांना इतकं पक्कं ठाऊक होतं की त्यांनी हिवतापालाच उपचार बनवलं. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी १९१७मध्ये हिवतापाच्या रुग्णाचं रक्त उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रुग्णांना टोचलं. तापाने उपदंश हटेल, हा हिशेब. त्याबद्दल १९२७मध्ये त्यांना नोबेल मिळालं!

काविळीने मात्र बराच काळ चकवलं. १९४२मध्ये अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली गेली. लशीत मानवी रक्तद्रव होता आणि जवळपास ५० हजार सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. पुढच्याच वर्षी पॉल बीसन यांनी रक्त चढवल्यानंतर महिन्यांनी झालेल्या काविळींची नोंद केली. पण दोषी रक्त ओळखायचं कसं? त्याचा धागा १९६०च्या दशकात बारूख ब्लुमबर्ग यांना सापडला. त्यांच्या शोधातून हिपॅटायटिस बीची चाचणी तयार झाली.

ती सुरू झाल्यावरही कावीळ थांबली नाही. हार्वे ऑल्टर यांनी दाखवलं, की उरलेली कावीळ ना हिपॅटायटिस ए, ना बी. तिचा विषाणू, हिपॅटायटिस सी, सापडायला १९८९ उजाडलं आणि भारतात त्याची चाचणी सक्तीची झाली २००१मध्ये. त्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांनी ही तपासणी एकदा करून घ्यावी. हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो, आणि आता औषधांनी बरा होतो.

एड्स रक्तातूनही पसरतो याचा सुगावा १९८२मध्ये अमेरिकेतल्या, रक्तातले घटक घ्यावे लागणाऱ्या हिमोफिलियाच्या रुग्णांतून लागला. एचआयव्हीची चाचणी १९८५मध्ये आली. भारतात पहिली नोंद १९८६मध्ये चेन्नईत झाली. पण रक्त तपासायचं म्हणजे रक्तदात्याला पकडायचं, असाही अर्थ लावला गेला. गोव्याचे डॉमिनिक डिसूझा स्वेच्छेने रक्तदान करत. १९८९मध्ये त्यांच्या रक्तात विषाणू आढळला आणि पोलिसांनी त्यांना उचलून एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. रक्त देणाऱ्याला कोठडी मिळते, हे पाहिल्यावर खरं कोण सांगणार?

दुसरी भीती पैशाची होती. रक्त विकून पोट भरणारा माणूस आपला आजार लपवणारच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून धंदेवाईक रक्तदात्यांचं रक्त घेण्यावर देशात बंदी आली.

तरीही पाच ओळींत सगळं मावत नाही. संसर्ग झाल्यानंतर काही दिवस चाचणीत काहीच दिसत नाही. याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी ‘नॅट’ चाचणी हे दिवस कमी करते, शून्यावर आणत नाही. त्या दिवसांतलं रक्त अडवू शकतो तो फक्त रक्तदाता.

म्हणून शिबिरात बिस्किटाच्या पुड्याआधी हाती येणारा तो फॉर्म घाईघाईने भरू नका. नुकतंच गोंदवून घेतलं असेल, कावीळ होऊन गेली असेल, असुरक्षित संबंध आला असेल, तर तसं सांगा आणि रक्त न देता परत या. एचआयव्हीची शंका असेल तर सरकारी तपासणी केंद्रात जा. तिथे चाचणी मोफत होते. फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान करू नका.