पेटीएवढी जागा

ऑक्टोबर 1938. पावसाळाभर बंद असलेली बोट नुकतीच सुरू झाली आहे. पणजीहून निघून, वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी करत ती मुंबईला लागते. तुम्ही धक्क्यावर उतरता, पण पायांखाली अजून समुद्र हलतोच आहे. तुम्ही अठरा वर्षांचे आहात. डोक्यावर पत्र्याची पेटी, खिशात गावच्या पाद्र्याची चिठ्ठी आणि तोंडपाठ केलेला पत्ता: धोबी तलाव. त्यापुढे रस्ता नाही, घरनंबर नाही. फक्त तुमच्या गावाचं नाव.

एवढ्या शहरात गोव्याच्या साष्टीतल्या एका खेड्याचं नाव कोण ओळखणार, असं बोटीत सारखं वाटत होतं. ट्राममधून उतरता, तर समोर चार महिन्यांपूर्वी उघडलेलं मेट्रो सिनेमागृह. त्याच्याकडे बघत उभे राहता, तोच एक माणूस तुमच्या पेटीकडे आणि पायांकडे पाहून थेट कोंकणीत विचारतो, "खंयच्या गांवचो?" तुम्ही नाव सांगता. तो मागच्या गल्लीतल्या इमारतीकडे बोट दाखवतो. तिसरा माळा.

जिना अंधारा आहे. पहिल्या माळ्यावर बार्देशातलं एक गाव आहे. आतून कुणीतरी कॉर्नेटवर एकच सूर पुन्हा पुन्हा घासतो आहे. दुसऱ्या माळ्यावर साष्टीतलंच, पण नदीपलीकडचं गाव. फुटबॉलवरून तुमचं त्यांच्याशी पिढीजात वैर आहे. इथे दोन्ही गावांमध्ये फक्त अठरा पायऱ्या आहेत. तिसऱ्या माळ्यावर दाराच्या चौकटीवर संताची तसबीर आहे, आणि ती तुमच्या चर्चमधल्या मूर्तीची आहे. तुम्ही पेटी खाली ठेवता.

या जागेला 'कूड' म्हणतात. कागदोपत्री 'क्लब'. मराठीत कुडी म्हणजे देह, कोंकणीत कूड म्हणजे खोली. इथे दोन्ही अर्थ जुळतात: ही फक्त देह टाकायची जागा आहे. लांबोडका हॉल. भिंतीला लागून पेट्यांची रांग, एकीवर एक. खाटा नाहीत. गुंडाळलेल्या चटया कोपऱ्यात उभ्या. दोरीवर शर्ट. टोकाला वेदी, तिच्यावर क्रूस, कागदी फुलं आणि पाण्यात तरंगणारी तेलवात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पोटासाठी मुंबईला आलेल्या गोंयकार पुरुषांनी गावागावाने वर्गणी काढून अशा कुडी उभ्या केल्या. आता त्या शेकड्यांनी आहेत. लालबाग-परळला कोकण-देशावरच्या गिरणी कामगारांनी गावकीच्या खोल्या केल्या, तशाच. फरक एवढाच, की तुमच्या गावावर अजून पोर्तुगालचं राज्य आहे, आणि तुम्हाला गिरणीत नाही, जहाजावर जायचं आहे.

मॅनेजर चष्म्यावरून पाहतो. तो म्हातारा आहे, कधीकाळी जहाजावर बटलर होता. तुम्हाला काय येतं, हे तो विचारत नाही. विचारतो, कुठला वाडा? कुणाचा? बापाचं नाव सांगता, मग आज्याचं. आज्याच्या नावाला तो मान डोलावतो. जाड वही उघडतो आणि तुमचं नाव लिहितो. महिन्याला काही आणे द्यायचे असतात. तुम्ही खिशात हात घालता. बोटभाडं, ट्राम आणि वाटेतला चहा यांतून उरलेली चिल्लर हाताला लागते.

"मागीर दी," तो म्हणतो. "हांव बरोवन दवरतां."

नंतर दे, मी लिहून ठेवतो. या कुडीत हे वाक्य तुम्ही पुढे शेकडो वेळा ऐकणार आहात. आज ते फक्त सुटका वाटतं.

तो भिंतीजवळच्या दोन पेट्या थोड्या सरकवतो. मधे तुमची पेटी बरोबर बसते. मुंबईतली तुमची जागा एवढीच. तुम्ही जहाजावर गेलात, वर्षभर लिव्हरपूल-सिडनी करत राहिलात, तरी ती हलणार नाही.

रात्री आठ वाजता घंटा होते आणि हॉल बदलतो. पत्ते बंद होतात. दाढीचा साबण अर्धवट पुसून माणूस गुडघ्यांवर येतो. आता तेर्स. रोझरीला घरी तुम्ही हेच म्हणता. घरी आईच्या मागे बसून डुलक्या घेत म्हटलेली ती 'नमान मोरिये', मारियेची प्रार्थना, इथे पन्नास पुरुषांच्या घोगऱ्या गळ्यांतून येते, आणि तुम्हाला एकदम रडू फुटेल असं वाटतं. तुम्ही जमिनीकडे बघता. फरशीला कुणाच्या तरी पेटीने पाडलेला ओरखडा आहे. तो शेवटपर्यंत बघत राहता.

तेर्साला हजर राहण्याचा नियम आहे, चुकलं तर दंड. पहिले काही दिवस तुम्हाला वाटतं, हा शिस्तीचा भाग, शहरात पोरं वाया जाऊ नयेत म्हणून. मग एका रात्री मॅनेजर डोळे मिटून प्रार्थना म्हणताना मधेच डोळे उघडतो. खिडकीजवळची जागा रिकामी आहे. तिथला कुझ्नेर, म्हणजे आचारी, सकाळपासून कुणाला दिसलेला नाही. शेवटची लादाईन, म्हणजे आळवणी, संपते न संपते तोच दोघांना खाली पिटाळलं जातं. तो जिन्याखालच्या फळकुटावर तापाने फणफणलेला सापडतो. नोकरी सुटल्याचं कुणाला कळू नये म्हणून दिवसभर बाहेर बसायचा, तिथेच आडवा झाला. त्याला जी. टी. हॉस्पिटलात नेतात. दुसऱ्या दिवसापासून आळीपाळीने कुणीतरी पेज घेऊन जातं. पाळी लावायची बैठक होत नाही. मॅनेजर फक्त बोट करतो.

त्या रात्री तुम्हाला कळतं की तेर्स ही हजेरीसुद्धा आहे. देवापुढे गुडघे टेकलेली माणसं एकमेकांना मोजत असतात. शहरात माणूस हरवतो तो कुणी मोजत नाही म्हणून. इथे रोज आठ वाजता मोजतात.

प्रार्थनेनंतर लहानांनी मोठ्यांपुढे वाकून बेसांव मागायचं, आशीर्वाद. तुम्ही रांगेत सगळ्यात शेवटी. एक-एक खरखरीत हात डोक्यावर येतो. साबण, कांदा, तंबाखू, इंजिनाचं तेल. वासावरून कोण काय करतो ते सांगता येईल. "जेवलो रे पुता?" एक तीयू, म्हणजे काका, विचारतो. तुम्ही हो म्हणता. तो तुमच्याकडे बघतो आणि स्वतःच्या ताटलीतला अर्धा पाव तुमच्या हातात देतो. उरलेला खाताना तो भलतीकडेच बघत असतो, म्हणून तुम्हालाही खाता येतो.

रोज सकाळी तुम्ही गोदीकडे चालत जाता. कामाची वाटणी ठरलेली आहे. डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी, खाली भट्टीशी पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले, सलूनमध्ये आणि भटारखान्यात गोंयकार. तुम्हाला स्टुअर्डच्या हाताखाली लागायचं आहे. पण भरतीला ओळख लागते, ओळखीला पैसा लागतो, आणि तुमच्याजवळ आज्याच्या नावाखेरीज काही नाही. ऑक्टोबर जातो. नोव्हेंबर जातो. वहीत तुमच्या नावापुढे आकडे वाढतात.

एका दुपारी हॉलमध्ये कुणी नसताना तुम्ही ती वही उघडता. स्वतःचं पान बघायचं असतं, पण बोट मागे जातं. 1931, 1927, 1919. प्रत्येक पानावर तोच नमुना: कित्येक महिने देणं वाढत गेलेलं, मग एका तारखेला जहाजाचं नाव, वर्ष-दीड वर्षाने सगळी रक्कम जमा. कधी थोडी जास्तच, आणि पुढे लिहिलेलं, 'वेदीसाठी', 'गावच्या शाळेसाठी'. आणि तुम्हाला पाव देणाऱ्या तीयूचं पान? तिथे तुमच्यापेक्षा मोठा आकडा होता, 1922 साली. मॅनेजरचं स्वतःचं पानही आहे. त्याला बटलर व्हायच्या आधी अकरा महिने कुडीने पोसलं होतं.

तुम्ही वही मिटता. आता त्या वाक्याचा अर्थ कळतो. इथे कुणी कुणाला दान देत नाही, लिहून ठेवतात. लिहून ठेवलं की घेणारा हात पसरत नाही आणि देणारा मोठा होत नाही. दोघं एकाच वहीतल्या वेगवेगळ्या तारखा असतात.

पण वहीत कुणाची नावं नाहीत, तेही बघा. तुमच्या गावची एक बाई मलबार हिलवर आया आहे. रविवारी सोनापूरच्या चर्चमध्ये भेटते. सुट्टीच्या दिवशी तिने पाठ टेकायची कुठे? बायकांसाठी अशा जागा फार थोड्या. आणि काही गावांच्या तर दोन-दोन कुडी आहेत. चर्च एक, संत एक, बोटही एकच, पण मुंबईत आल्यावर जातीजातीची वेगळी चटई. मोजणाऱ्यांनी कुणाला मोजायचं, हे आधीच ठरवलेलं असतं.

मग गावच्या संताचं फेस्त येतं. गावी मिरवणूक निघते त्याच दिवशी इथे पेट्या भिंतीशी चारचार रचून हॉल मोकळा होतो. पहिल्या माळ्यावरून कॉर्नेटवाले येतात, दुसऱ्या माळ्यावरचे वैर विसरून वर येतात. त्या वर्षीचा प्रेझेंत म्हणजे फेस्ताचा खर्च उचलणारा. नुकताच मोठ्या सफरीवरून आलेला एक पँट्रीमन. दोन वर्षांपूर्वी तोच खिडकीपाशी उधारीवर होता. लादाईन होते, उकडलेले चणे वाटले जातात. नियमाप्रमाणे कुडीत दारू चालत नाही. त्या रात्री नियमांचं पुस्तक सापडत नाही. नंतर सगळे तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, गोष्टी काढतात. 17 एप्रिल 1892 रोजी पहिला तियात्र झाला तोही गोव्यात नव्हे, इथेच मुंबईत, न्यू आल्फ्रेड थिएटरात. जिथे कमावते पोरगे चटईवर झोपत होते, तिथेच त्यांना स्वतःच्या भाषेत हसायचं होतं.

फेब्रुवारीत तुमचं नाव लागतं. जहाज, तारीख. मॅनेजर तुमच्या पानावर दोन्ही लिहितो. तुम्ही पेटीतून दोन शर्ट काढता, उरलेलं तिथेच. पेटी राहते.

आता वर्षं भराभर उलटू द्या. सगळे पैसे तुम्ही 1940 मध्ये फेडता, वर वेदीसाठी पाच रुपये. युद्ध आहे. बंदरातून दिवे विझवून जहाजं निघतात.

नोव्हेंबर 1942. तुम्ही दोन सफरींच्या मधे आहात, कुडीतच. 20 तारखेला तिलावा हे जहाज आफ्रिकेकडे निघतं. तुमच्या शेजारची पेटी ज्याची, तो त्यावर स्टुअर्ड आहे. 23 तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडी ते बुडवते. जहाजावर साडेनऊशेच्या वर माणसं होती. 280 जण जातात. कुडीत बातमी तुकड्यातुकड्यांनी येते. आधी गोदीतून कुजबुज, मग वाचलेले परतल्याचं, मग नावं.

त्या आठवड्यात रोज आठ वाजता पन्नास माणसं गुडघ्यांवर येतात आणि कुणीही तुमच्या शेजारच्या जागेवर बसत नाही. तो मोजला जातो. नावं येईपर्यंत तो मोजला जातच राहतो.

नावं आल्यावर मॅनेजर वही काढतो. आता त्याचा हात थरथरतो, म्हणून तुम्ही पान धरता. पोराच्या नावापुढे सात महिन्यांचं देणं आहे. या सफरीनंतर फेडणार होता. म्हातारा बराच वेळ काही करत नाही. मग पट्टी न घेता, हातानेच, आकड्यांवर एक तिरकी रेघ ओढतो. जमेच्या बाजूला काहीच लिहीत नाही.

इतक्या पानांत तुम्ही पाहिलेली ही अशी पहिलीच रेघ. या वहीत दान झालं ते असं, घेणारा उरला नाही तेव्हा.

पुढच्या बोटीने तुम्ही त्याची पेटी घेऊन गावी जाता. त्याच्या आईला द्यायची आहे. कुडीने वर्गणी काढलेली आहे, मिसा सांगितलेल्या आहेत. बोट मालवणला थांबते, तेव्हा तुम्ही पेटीवर हात ठेवून बसलेले असता. इतकी वर्षं ती तुमच्या पेटीला चिकटून होती, की दोघींच्या पत्र्यावरचा गंज एकाच उंचीवर आहे.

आणि आता आजच्या धोबी तलावावर या. ट्राम 1964 मध्ये थांबली. 1904 पासूनचं कयानी अजून आहे. बन-मस्का खाऊन वर बघा, त्याच जेर महालमध्ये काही कुडी अजून उरल्या आहेत. आखाती नोकऱ्या आल्या, उपनगरांत फ्लॅट झाले, बहुतेक कुडी ओस पडल्या. तरी क्रूझवर लागायला निघालेला एखादा मुलगा वैद्यकीय तपासणीसाठी, कागदपत्रांसाठी गोव्याहून येतो आणि दोन-चार रात्री राहतो. पाठीवर बॅग, कानात इअरफोन.

संध्याकाळ आहे. जिना चढा. दार उघडंच असतं. वेदीवर आता विजेचा दिवा लुकलुकतो. सात-आठ माणसं गुडघ्यांवर आहेत. इअरफोनवाला मुलगा मागे उभा आहे, त्याला नीट आठवत नाही पुढचे शब्द. पुढचा म्हातारा प्रार्थना न थांबवता मागे वळून बघतो, आणि तुम्हाला ती नजर ओळखू येते.

त्याने मोजलं.