ऊस, सोयाबीन देण्याआधी कंपनीच्या ताळेबंदातील ‘संभाव्य देणी’ कशी वाचावीत?

साखर कारखाना, तेलगिरणी, दूध प्रकल्प किंवा फळप्रक्रिया कंपनीला माल दिला आणि पैसे पुढे मिळणार असतील, तर त्या काळापुरते आपण त्या कंपनीचे धनको असतो. बँक कर्ज देण्याआधी कंपनीची कागदपत्रे तपासते. शेतकरी मात्र बहुतेक वेळा दर आणि वजनकाटा एवढेच पाहतो. कंपनी नफ्यात दिसत असली तरी कोर्टातले खटले, कराच्या नोटिसा आणि दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी तिला अडचणीत आणू शकतात. ही माहिती वार्षिक अहवालात असते, पण शेवटच्या पानांवरील टिपांमध्ये.

तरतूद आणि संभाव्य देणे यातला फरक

भारतीय लेखा मानक ३७ नुसार (लहान कंपन्यांना लेखा मानक २९) अशा देण्यांचे तीन प्रकार पडतात. पैसे द्यावे लागण्याची शक्यता जास्त असेल आणि रकमेचा अंदाज करता येत असेल, तर हिशेबात ‘तरतूद’ करावी लागते. तेवढा नफा कमी होतो. देणे लागू शकते पण नक्की नाही, अशी स्थिती असेल तर ते फक्त टिपेत ‘संभाव्य देणी’ म्हणून लिहितात. तेव्हा नफ्याला धक्का लागत नाही. शक्यता अगदीच नगण्य असेल तर काहीच लिहावे लागत नाही.

कोणता खटला कोणत्या गटात टाकायचा हे आधी कंपनीच ठरवते, लेखापरीक्षक ते नंतर तपासतात. म्हणून टिपेतील आकडा नक्त मत्तेशी (भागभांडवल अधिक राखीव निधी) ताडून पाहावा. समजा, नक्त मत्ता ८० कोटी रुपये आहे आणि संभाव्य देणी ३५ कोटी. यातले निम्मे दावे उलटले तरी मत्तेचा पाचवा हिस्सा जातो. रक्कम सलग तीन वर्षे वाढत असेल तर जास्त सावध व्हावे. लेखापरीक्षकांच्या अहवालात ‘व्यवसाय पुढे चालू राहण्याबाबत अनिश्चितता’ अशा अर्थाचे वाक्य आले, तर बाकीचे आकडे बाजूला ठेवून आधी त्याचा खुलासा मागावा.

साखर कारखान्यात काय पाहावे

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये आहे. थकीत मूळ रक्कम हिशेबात देणे म्हणून दिसते. विलंबाच्या व्याजाचे तसे नसते; काही अहवालांत ते टिपेत ढकललेले असते, काहींत त्याचा उल्लेखही नसतो. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. अशा निकालामुळे आज टिपेत असलेली रक्कम उद्या प्रत्यक्ष देणे ठरू शकते.

दुसरी नोंद हमीची. ऊसतोडणी व वाहतूक ठेकेदारांच्या बँक कर्जाला कारखाना हमी देतो. टोळी उचल घेऊन पळाली, ठेकेदाराने हप्ते थकवले, की बँक कारखान्याकडे येते. ऊसपट्ट्यात हे नवे नाही, पण अहवाल वाचताना या ओळीकडे कुणी पाहत नाही.

तिसरी बाब साखरेच्या तारणाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची आहे. गोदाम भरलेले दिसले की शेतकऱ्याला वाटते, पैसे कुठे जातात? पण ती साखर बहुधा बँकेकडे तारण असते. सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध सिरिगुप्पा शुगर्स या कर्नाटकातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तारणदार बँकेचा हक्क ऊस उत्पादक व कामगारांच्या थकबाकीच्या आधी मानला. साखर आयुक्तांनी महसुली वसुलीचा आदेश (आरआरसी) काढला तरी तारणमुक्त मालमत्ता किती शिल्लक आहे, यावरच वसुली ठरते.

अन्नसुरक्षेचा धोका

जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी नूडल्स बाजारातून मागे घ्यायला लावल्या. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण तोवर माल परत आणून नष्ट करण्यासह सुमारे ४५० कोटी रुपयांचा फटका नेस्ले इंडियाला बसला होता. केंद्र सरकारने ग्राहक आयोगात केलेला सुमारे ६४० कोटींचा दावा एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे जवळपास नऊ वर्षे ती टांगती तलवार होती. नेस्ले हे सोसू शकली. जिल्हा पातळीवरच्या मसाला किंवा पल्प कंपनीला एक हंगामही सोसवणार नाही, आणि पैसे अडले की आधी थांबते ते माल देणाऱ्याचे बिल.

अन्नसुरक्षा कायदा, २००६ चे कलम १८(३) शेतकऱ्याला व शेतीकामाला या कायद्याच्या बाहेर ठेवते. म्हणून कीडनाशकाचे अवशेष सापडले तर कायद्याने कारवाई कंपनीवर होते. पण कंपनी करारात ‘माल नाकारला गेल्यास नुकसानभरपाई पुरवठादाराकडून’ असे कलम घालते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सही करण्याआधी हे कलम शोधावे. नमुना कोण काढणार, कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार आणि भरपाईची कमाल मर्यादा किती, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.

कंपनी नादारीत गेली तर

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खासगी कंपन्यांना लागू होते. सहकारी कारखान्यांचे अवसायन सहकार कायद्याने चालते. प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले की स्थगिती लागते. त्या काळात आरआरसीची वसुलीही थांबते. माल देणारा शेतकरी ‘व्यवहार धनको’ ठरतो. निर्णय घेणारी धनको समिती बँकांची असते, त्याला मत नसते. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर तारणदार बँका, कामगार, विनातारण कर्जदाते व सरकारी देणी यांच्यानंतर त्याचा क्रमांक येतो. सोयाबीन खरेदीतील मोठी कंपनी रुची सोया डिसेंबर २०१७ मध्ये या प्रक्रियेत गेली आणि २०१९ मध्ये पतंजलीने ती ४,३५० कोटींना घेतली. बँकांचेच दावे नऊ हजार कोटींहून अधिक होते.

एक फरक मात्र उपयोगी आहे. माल विकला असेल तर आपण धनको. पण माल केवळ साठवणीसाठी ठेवला असेल, तर तो कंपनीची मालमत्ता धरला जात नाही, परत मागता येतो. भाव नंतर ठरवू म्हणून सोयाबीन गिरणीच्या गोदामात टाकणाऱ्यांनी पावतीवर ‘साठवणुकीसाठी, मालकी शेतकऱ्याची’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. नुसती ‘जमा’ अशी वजनपावती पुढे वाद निर्माण करते.

नादारीची जाहीर सूचना एका इंग्रजी व एका स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात आणि आयबीबीआयच्या संकेतस्थळावर येते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असेल तर ती मुंबई आवृत्तीत छापली जाऊन गावापर्यंत पोहोचतही नाही. हंगामी व्यावसायिकाची नेमणूक झाल्यापासून १४ दिवसांत दावा द्यायचा असतो. त्यानंतरचे दावे काही मुदतीपर्यंतच घेतले जातात. व्यवहार धनकोसाठी नमुना ‘ब’ आहे. सोबत वजनपावत्या, बिल, करार आणि बँक खात्याचा उतारा जोडावा. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील सर्वांच्या पावत्यांच्या प्रती एकत्र करून ठेवल्या, तर दावे एकाच दिवशी पाठवता येतात. काट्याची पावती उन्हात पुसट होते, म्हणून मिळाली त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवावा.